एवढा सीझन झाला की येते

शनिवारी सकाळी आठ वाजता कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये एरंडेलाचा वास आला तेव्हा मला वाटलं, आपलं डोकं फिरलं. मी फोनवर होते. पलीकडे सांगलीत आण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच रात्रीचं जेवून उठले होते. आणि मी त्यांच्याशी असा एक शब्द बोलून बसले होते, की बोलता बोलताच माझी मला लाज वाटली होती.

शब्द साधाच. ‘बघते.’

झालं होतं असं, की आण्णांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं आणि माघात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं दादानं, माझ्या थोरल्या भावानं, ठरवलं होतं. हॉल नको, दारातच मांडव घाला, असा आण्णांचा हट्ट. त्यांनी मला सगळं सांगितलं. आचारी कुठला, भटजी कोण, एक्क्याऐंशी दिवे कणकेचे करायचे की मातीचे आणायचे. मग घसा खाकरून म्हणाले, “पहिलं औक्षण लेकीनं करायचं असतंय म्हणं. जमलं तर ये.”

“बघते, आण्णा.”

“बघ, बघ,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. आण्णांचं घराच्या पुढच्या खोलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, फाटकं, उसाच्या ट्रॉल्या. गिऱ्हाईक आलं की त्याच्या खिडकीची मापं आण्णा वर्कशॉपच्या लोखंडी दारावर खडूनं लिहायचे. बोलणं संपल्यावर गिऱ्हाईक “बरं, बघतो” म्हणालं, की ते पायरी उतरायच्या आत आण्णा शर्टाच्या बाहीनं मापं पुसून मोकळे. “बघतो म्हणला म्हणजे न्हाई आला,” म्हणायचे. हे मला पाचवीत असल्यापासून माहीत. तरी मी त्यांनाच ‘बघते’ म्हणाले.

कारण होतं हो, नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मी दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या हर्नडनला आले. कंपनीचा प्रोजेक्ट. दोनाची चार झाली, लग्न झालं, लेक झाली, आम्ही कॅलिफोर्नियात आलो, आणि ग्रीनकार्डाची रांग काही सरकली नाही. इथं राहायचे कागद चोख आहेत, पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. एकदा बाहेर पडलं की परत आत यायला नवा शिक्का लागतो, तो तिकडच्या अमेरिकन कचेरीत. तिथल्या तारखा हल्ली कशा पुढे ढकलतात, ते इथं प्रत्येक पॉटलक जेवणाला ऐकायला मिळतं. ओळखीतला एक जण पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेला आणि चार महिने अडकून पडला. आमच्या वकीलबाई दरवेळी एकच सांगतात, ट्रॅव्हल करू नका. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी गेले होते, तेव्हा शिक्का होता. त्यानंतर नाही.

तर असा तो शनिवार. फोन हातात, आणि खिडकीतून एरंडेल. कच्चं नव्हे, तापलेलं, जळकं, गोडसर. लहानपणी दर दुसऱ्या रविवारी आण्णा आम्हा भावंडांना सुंठेच्या गरम चहातून एरंडेल पाजायचे. एका हातानं आमचं नाक दाबायचे आणि दुसऱ्या हातानं कप ओठाला लावायचे. तो वास मी मेले तरी विसरणार नाही. आधीच माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. म्हटलं, कोण हा सकाळी सकाळी माझा बाप काढतोय, बघूच. क्रॉक्स पायात सरकवले आणि बाहेर आले.

आम्ही भाड्याच्या डुप्लेक्समध्ये राहतो. दुसऱ्या अर्ध्या भागात एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. तीन वर्षांत त्यांच्याशी ‘हाय’ आणि ‘कचऱ्याची गाडी उद्या की परवा’ यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ते त्यांच्या ड्राइव्हवेच्या खाली रस्त्यावर उभे होते आणि एक मोटरसायकल चढावर ढकलत होते. मोटरसायकल तरी काय! नुसता सांगाडा. दिवा नाही, आरसा नाही, मडगार्ड नावाला. उतारावरून सोडून त्यांनी ती चालू केली होती, खाली येऊन ती बंद पडली होती. तो वास तिचाच होता. म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

“अहो, मराल!” मी चक्क मराठीत ओरडले. मग इंग्रजीत विचारलं, किक का मारत नाही?

“किक नाही हिला,” ते म्हणाले. “सेल्फही नाही. कुणीतरी ढकलावं लागतं.”

“धक्का? एवढंच ना? बसा.”

मला धक्क्याचं काय सांगता! आण्णांचा तीनचाकी टेम्पो दहा वर्षं धक्क्यावर चालला. शाळेचा गणवेश घालून रोज सकाळी मी आणि दादा त्याला धक्का मारायचो आणि तेच काळे हात घेऊन वर्गात बसायचो. खांदा कुठं लावायचा, कधी थांबायचं, आत बसलेल्यानं क्लच कधी सोडायचा, हे मला झोपेत विचारा. मी ओरडले, “आता!” त्यांनी क्लच सोडला आणि अख्खी गल्ली हादरली.

आमचा रस्ता पुढे गोलात संपतो. म्हातारे त्या गोलातून हळूच, डावीकडे वळत, एक फेरी मारून आले. डावा पाय जमिनीवर सोडलेला. तेवढ्यात माझा नवरा दात घासत बाहेर आला. तो नागपूरचा. “अगं, काय करून राहिली तू?” लेक खिडकीतून म्हणाली, “आई, धिस इज सो एम्बॅरसिंग.” आणि मी त्या धुरात उभी राहून ढसाढसा रडत होते. सगळ्यांना सांगितलं, धूर गेला डोळ्यांत.

त्या दिवसापासून शनिवारची सकाळ त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागली. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा न्यायची, ते दोन कप धुऊन ठेवायचे. मी त्यांना काका म्हणायला लागले, त्याशिवाय मला बोलताच येईना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. काका हा म्हणे न्यूझीलंडमधला पोपट. “मी ऑस्ट्रेलियाचा,” ते म्हणाले. “पोपट म्हण, चालेल. पण न्यूझीलंडचा करू नकोस.” अर्थ सांगितल्यावर मात्र खूश झाले. नंतर नंतर स्वतःच ‘काका हिअर’ म्हणत दार वाजवायचे.

काका ॲडलेडजवळच्या एका गावचे. तरुणपणी ते स्पीडवे नावाच्या शर्यतीत गाडी चालवायचे. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. गाडीला ब्रेक नसतातच. मी तीन-तीनदा विचारलं, नसतात म्हणजे बिघडलेले की बसवलेलेच नसतात? बसवलेलेच नसतात. वळणावर मागचं चाक घसरू द्यायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवून सावरायचं. त्यासाठी डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधतात. काकांनी तो मला दाखवला, घासून घासून पातळ झालेला. मी फोटो काढून आण्णांना पाठवला. आण्णांचा लगेच फोन. “आगं, बैलाच्या खुराला पत्री मारत्यात तसंच की हे! माझ्या बानं शेकड्यानं मारल्यात. वेल्डिंग मात्र झकास हाय. कुणी केलंय विचार.” काकांनी स्वतःच केलं होतं. आण्णांनी दिलेलं सर्टिफिकेट ऐकून दिवसभर त्यांची मान ताठ होती.

आणि तेल एरंडेलाचं. इंजिन फार तापतं म्हणून त्या गाड्यांत तेच घालायचे. ज्यानं एकदा तो वास घेतला त्याला तो सुटत नाही, काका म्हणाले. मी म्हटलं, आम्ही तर प्यायलोय. त्यांचा विश्वासच बसेना. पुढच्या शनिवारी मी इंडियन स्टोअरमधून बाटली आणून दाखवली. हा माणूस मोठा चमचाभर चहात घालून माझ्यादेखत प्यायला. मी नको नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी काका काही बाहेर दिसले नाहीत, आणि सोमवारी दिसले ते कुंपणापलीकडून, बोट नाचवत.

पण मला खरं वेड लावलं ते त्यांच्या जाण्या-येण्यानं. हा खेळ मूळचा आमचाच, ते म्हणायचे. आमच्याकडच्या लोकांनी इंग्लंडला शिकवला, मग ट्रॅक, पैसा, गर्दी सगळं तिकडं गेलं आणि आमची पोरं नोकरी मागायला त्यांच्याच दारात उभी राहायला लागली. काकांच्या वडिलांच्या वयाचे लोक गेले, काकांच्या गल्लीतले गेले, आजही जातात. काका दुपारी जेवताना टॅबलेटवर स्पीडवेची मॅच लावून बसत. तिकडे इंग्लंडात तेव्हा संध्याकाळ असते. कुणी वीस वर्षांचं ऑस्ट्रेलियन पोरगं शर्यत सुटायच्या गेटवर उभं राहिलं की काका घास हातात धरून थांबायचे. “हा दोन दिवसांत विमानानं पोचला,” म्हणायचे. “आम्हाला बोटीनं सहा आठवडे लागायचे.”

इंग्लंडचा सीझन मार्च ते ऑक्टोबर. काका फेब्रुवारीत बोटीवर चढायचे आणि सीझन संपला की परत घरी, तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू व्हायचा. अशी अकरा वर्षं. “अकरा वर्षं मी घरचा हिवाळा बघितला नाही,” ते म्हणाले. इंग्लंडात एका कारखान्यांच्या गावात चार ऑस्ट्रेलियन पोरं एका घरात भाड्यानं राहायची. चौघांत एक व्हॅन. एकालाच स्वयंपाक यायचा, म्हणून त्याला सगळे घाबरून असायचे. रविवारी रांगेनं घरी पत्रं लिहायला बसायची आणि सगळे तेच लिहायचे, मी मजेत आहे. मी ऐकतच राहिले. हर्नडनला आम्ही चार मुली, एक गाडी, आणि भात ज्या एकीला जमायचा तिचा केवढा तोरा! आणि रविवारी फोनवर सगळ्यांचं तेच, मी मजेत आहे.

“पहिल्या वर्षी घरी काय सांगून निघालात?” मी विचारलं.

“एक सीझन,” काका म्हणाले. “तू?”

“दोन वर्षं.”

आम्ही दोघंही हसलो, पण मला ते हसणं नीट जमलं नाही.

चहा संपला की मी उठताना सवयीनं “येते, काका” म्हणायची. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, आय कम. “पण तू तर चाललीस,” ते म्हणाले. मग मी समजावत बसले. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, अपशकुन वाटतो. येते म्हणायचं. म्हणजे परत येईन. काकांनी ते दोनदा म्हणून बघितलं. “माझ्या आईला आवडला असता हा शब्द,” म्हणाले. तेव्हापासून ते पण निघताना ‘येते’ म्हणायचे. बाईमाणसाचं ‘येते’. ‘येतो’ म्हणा, असं मला सांगवेना. सहा फुटांचा तो म्हातारा वळून हात हलवत ‘येते’ म्हणायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

सप्टेंबरात दादाचा फोन आला. आचाऱ्याचं, मांडवाचं एरंडाचं गुऱ्हाळ लावलं त्यानं बराच वेळ, आणि मग म्हणाला, “आण्णांनी वर्कशॉपच्या दारावर यादी लिहिलीय. कोण कोण येणार त्याची. खडूनं.”

“मग?”

“तुझं नाव पहिलं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर पुसलेलं. मी विचारलं तर म्हणाले, बघते म्हणलीय ती.”

मी दादावरच ओरडले, तुला काय जातंय सांगायला, तू आहेस तिथं! त्यानं ऐकून घेतलं. मी फोन ठेवून नवऱ्यावर ओरडले, मग लेकीवर, मग वकीलबाईंना मेल लिहिली. उत्तर तेच. यावर्षी विशेषतः टाळा.

त्या शनिवारी मी काकांना सगळं सांगितलं. हजार चंद्र म्हणजे काय, दिवे, औक्षण, दारावरची यादी. काकांनी कागदावर गणित मांडलं. त्यांनाही एक्क्याऐंशी पुरी होत आली होती. “म्हणजे माझेही हजार झाले की,” ते म्हणाले. मग हसले. “पण माझे अर्धेमुर्धे उलटे. आमच्याकडे चंद्र डोक्यावर उभा असतो. पहिल्या वर्षी बोटीवर तो रोज थोडा थोडा फिरलेला दिसायचा. मला वाटायचं, घर लांब चाललंय ते असं दिसतं.”

मग त्यांनी टूलबॉक्सच्या तळातून एक पत्र काढलं. ते माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच वाचून दाखवलं. पण आधी त्यामागची गोष्ट सांगितली.

त्यांच्या आईनं त्यांना कधी गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. ती भ्यायची. दर डिसेंबरला लेक घरी आला की त्याला दारातच उभा करून विचारायची, हाडं सगळी आहेत ना? तिच्याच गावाजवळच्या ट्रॅकवर तो उन्हाळाभर शर्यती करायचा, पण ती गेली नाही. अकराव्या वर्षी इंग्लंडात तिचं पत्र आलं. यंदा तू घरी आलास की मी बघायला येणार आहे. टोपी घेतलीय, हिरवी. आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणी तरी काकांना म्हणालं, कॅलिफोर्नियाला चल, तिकडे हिवाळ्यातही ट्रॅक चालतात, एकच सीझन. काकांनी आईला लिहिलं, ‘पुढच्या सीझनला नक्की.’

आई मात्र टोपी घालून गेली. शेजारणीला घेऊन, दुसऱ्यांची पोरं बघायला. परत येऊन तिनं हे पत्र लिहिलं. फार थोडं होतं. मी बघून आले. फार आवाज होता. सगळे डावीकडेच वळतात. त्यातला कुठला तुझ्यासारखा चालवतो ते मला कळेना, म्हणून मी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. ब्रेक नसतात, हे तू मला सांगायला हवं होतंस.

“पुढच्या वर्षी इथं माझी मांडी मोडली,” काका म्हणाले. “संपलं. मग मी शर्यत केली नाही. इथंच लग्न झालं. पुढं चारदा घरी गेलो. टोपी खुंटीवर असायची. तिनं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही.”

मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“मी ‘पुढच्या सीझनला’ लिहिलं,” काका पत्र घडी करत म्हणाले. “तुमच्यात काय म्हणतात?”

“बघते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सल्ला वगैरे काही दिला नाही. कप धुवायला आत गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी कळलं, की काका गाडी घरी पाठवतायत. त्यांच्या गावी जुन्या रायडरांनी एक शेड उभारलीय, तिथं जुन्या गाड्या ठेवतात. काकांच्या छातीत मशीन बसवलंय, डॉक्टर त्यांना एवढा लांबचा विमानप्रवास करू देत नाहीत. “माझ्याआधी ती चालली घरी,” ते म्हणाले. बोटीनं. सहा आठवडे.

खोक्यात घालण्याआधी तेल काढून टाकायचं असतं. त्याआधी एकदा ती चालू करायची, असं ठरलं. त्या सकाळी मी, नवरा आणि लेक तिघंही खाली उभे होतो. नवऱ्यानं खांदा लावला तर मी त्याला बाजूला सारलं. “तुला नाही जमायचं. हे सांगलीचं काम आहे.” लेकीला मात्र शेजारी घेतलं. तिला दाखवलं, हात इथं, जोर पायातून, मी म्हणेन तेव्हा सोडायचं. “आई, हाऊ डू यू इव्हन नो धिस?” मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. आजोबा तिच्यासाठी फोनमधला एक चेहरा. शेवटचं त्यांना पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

गाडी चालू झाली. काकांनी गोलात चार फेऱ्या मारल्या. शर्यतीत असतात तेवढ्या, चार. मोजून. समोरच्या घरातल्या बाई गाऊनवर बाहेर आल्या, आता तक्रार करणार असं वाटलं, तर त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग आम्हीही. चौथी फेरी झाल्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले. ब्रेक नव्हतेच.

दुपारी दोन माणसं ट्रक घेऊन आली. खोकं बंद झालं. काकांनी त्याच्या फळीवर थाप मारली आणि म्हणाले, “येते.”

आणि पहिल्यांदाच ते बरोबर होतं. गाडी ती. ती येते. तिकडे कुणीतरी वाट बघत असेल तर त्यांना सांगायचं, येते. मला हसू फुटलं आणि हसता हसता अशी उचकी लागली की नवऱ्यानं पाणी आणलं. काका रिकाम्या गॅरेजमध्ये गेले. जमिनीवर तेलाचा एक डाग होता, त्याच्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले नाही. मला जायचं होतं, पण धीर झाला नाही.

सोमवारी मी मॅनेजरला सांगितलं, माघात, म्हणजे त्याच्या भाषेत जानेवारीच्या शेवटी, मी इंडियाला जातेय. त्यानं काळजीनं विचारलं, अडकलीस तर? मी म्हटलं, अडकले तर अडकले. उगाच शूरपणा सांगत नाही. लेकीची दहावी आहे. घराचं काय, नोकरीचं काय, मला अजून माहीत नाही. मी वकीलबाईंना कळवलं. त्यांनी एक लांबलचक मेल पाठवली, ती मी नवऱ्याला वाचायला दिली. तो वाचून म्हणाला, “जाऊन ये. मी आहे न इथं.” तिकिटं काढली, माझं आणि लेकीचं. तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, ती कधीही परत येऊ शकते. माझं बघू.

बघू. काय जीभ आहे मेली! 

मग आण्णांना फोन लावला. सकाळचे आठ, तिकडे ते जेवून दारात बसलेले. आधी सगळं नेहमीचं झालं. पाऊस थांबला का, दादाची गाडी, गुडघा. मला सांगायचं होतं ते मी पुढे पुढे ढकलत होते. शेवटी एकदम म्हणून टाकलं.

“आण्णा, येते मी.”

“बरं. ठेव,” आण्णा म्हणाले. “लेकीला जप.”

त्यांना वाटलं, मी फोन ठेवतेय. एकोणीस वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या दारात बॅगा रिक्षेत चढवून मी हेच म्हणाले होते, आणि त्यांनीही हेच, बरं म्हटलं होतं.

“नाही हो, आण्णा! ठेवू नका. येते म्हणजे येते. माघात. मी आणि तुमची नात. तिकिटं काढली.”

मला वाटलं, लाइन गेली. मी हॅलो हॅलो करत राहिले.

“परत म्हण,” आण्णा म्हणाले.

“येते.”

“बघते न्हाई ना?”

“नाही. येते.”

त्यांनी फोन कुठंतरी ठेवला. खुर्ची सरकली. “आरं, खडू कुठं टाकलाय रं?” ते दादावर खेकसले, अगदी पूर्वीसारखे. मग पावलं, आणि मग तो आवाज आला, लोखंडी दारावर खडू ओढल्याचा. करकर, करकर. माझं नाव तसं लहान आहे, तीन अक्षरांचं. पण आण्णा ते बराच वेळ लिहीत होते, आणि मी इकडे स्वयंपाकघरात फोन कानाला धरून ऐकत उभी होते.